चहाला जायची सवय

बटण दाबून पेडणेकर सर सवयीने उठले आणि टेबलाखाली चपला शोधू लागले. समुद्रातल्या एखाद्या जागेचं वर्षानुवर्षांचं तापमान संगणकाला वाचायला लावलं, की सगळ्यांनी चहाला जायचं, असा त्या विभागाचा रिवाजच होता. परत आलं तरी वाचन चालूच असायचं. वरच्या साहेबांनी तर विचारलं होतं, "वाचून होतच नाहीत, तर या जुन्या फायली पुसून टाकायच्या का?" याच नोंदींसाठी सरांनी उमेदीची वर्षं जहाजावर काढली होती.

"सर, थांबा ना जरा," विभागातल्या फायलींचं काम बघणारी शलाका म्हणाली. आजवर फायलींत एकेका दिवसाचा अख्खा समुद्र एकत्र ठेवलेला असे. एका जागेसाठी प्रत्येक दिवस उघडावा लागे. तिने ती रचना मोडून एकेका जागेची सगळी वर्षं शेजारी आणली होती आणि फायली बऱ्याच डिस्कवर पसरून ठेवल्या होत्या, म्हणजे सगळ्या डिस्क एकदम वाचतील.

संगणकावरचं वाचन चालू असल्याचं फिरतं चक्र थांबलेलं पाहून सर म्हणाले, "बंद पडलं वाटतं."

"नाही सर. झालं."

पडद्यावर तापमानाची एक लांबलचक रेघ होती. उन्हाळ्यात चढलेली, पावसाळ्यात उतरलेली, पुन्हा चढलेली. सरांनी नकाशावर बोट ठेवलं. "मालवणसमोर?" लगेच रेघ आली. "कारवार?" तीही आली, तशीच वरखाली होणारी, गाढ झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. सर चपला विसरून खुर्चीत बसले.

"चहाला येताय ना?" दारातून कोणीतरी हाक मारली.

"हळू बोला," सर म्हणाले.