नीलव्वाची हरकत

“हरकत आहे की नाही, एवढंच लिहायचं ना तुला?” नीलव्वानं विचारलं. “मग लिही आणि जा. बसतेस कशाला?”

“बसू दे की अव्वा. उन्हातून आलेय,” गिरिजा म्हणाली.

चौदा वर्षांपूर्वी इळकलच्या याच घरात नीलव्वाचा मुलगा शरणप्पा मारला गेला होता. मारणारा इरण्णा जन्मठेप भोगत होता. त्याला मुदतीआधी सोडायचं की नाही, याचा अहवाल गिरिजाला द्यायचा होता. त्यासाठी मेलेल्याच्या घरच्यांचं म्हणणं घ्यावं लागे.

गिरिजा खरं तर फौजदार व्हायची होती. परीक्षाही पास झाली होती. पण गुन्हेगारीचा अभ्यास करताना ती महिनाभर एका तुरुंगात जात होती. तिथली एक कैदीण तिला म्हणाली होती, “मी काय केलं ते सगळ्यांना पाठ आहे गं. आदल्या दिवशी काय झालं, ते कुणी विचारत नाही.”

गिरिजानं फौजदारकी सोडली आणि ही कैद्यांचे अहवाल लिहायची नोकरी धरली. अकरा वर्षं ती लोकांना आदल्या दिवसाबद्दल विचारत हिंडत होती. दोन ओळींच्या जागी तिचे अहवाल आठ पानांचे होत. साहेब वैतागत, पण वाचत.

नीलव्वानं तिच्यापुढे भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली.

“शरणप्पा कसा होता?”

म्हातारीचा चेहरा उजळला. “काय हात होता त्याचा! तो काठ विणायला लागला की बाकीचे आपले माग थांबवून बघायचे. मोठा झाला तरी तापात माझा पदर धरून झोपायचा.”

“आणि इरण्णा?”

“तो शेजारच्या मागावर. आईबाप नसलेला, अबोल. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप.”

“दोघांचं वैर होतं?”

“वैर कसलं? एका ताटात जेवायचे.”

“मग त्या दिवशी काय झालं?”

नीलव्वा लुगड्याच्या दशा वळत राहिली. गिरिजानं घाई केली नाही.

“शरण प्यायचा,” ती शेवटी म्हणाली. “प्याला की माझ्यावर हात उचलायचा. त्या दिवशी केस धरून ओढत होता. इरण्णा मध्ये पडला. मागाचं लाकूड हाताला लागलं. एकच घातलं त्यानं.”

“हे कोर्टात का नाही सांगितलंस?”

“तिथं विचारलं, कुणी मारलं. मी इरण्णाकडे बोट दाखवलं. खोटं कसं बोलू? का मारलं, ते कुणी विचारलंच नाही. मग आपण होऊन मेलेल्या पोराची अब्रू कशी घालवू?”

गिरिजानं तिच्या खरबरीत हातावर हात ठेवला.

“इरण्णावरचा राग सात वर्षं जाळत होता मला,” नीलव्वा म्हणाली. “मग विझला. हरकत नाही, असं लिही. आणि सुटला की त्याला इथंच पाठव.”

तिनं अंगठा उठवला. गिरिजानं कागद आत ठेवला आणि पिशवीतून दुसरा काढला. सुटलेल्या कैद्याला घरात घेऊन त्याची जबाबदारी पत्करणाऱ्या माणसासाठी तो होता.

“नाव?”

“मघाशीच तर लिहिलंस. नीलव्वा.”

“कैद्याशी नातं?”

“आई.”