ही सोय वर्गणीदारांसाठी आहे

दार न ठोठावताच ती भावाच्या खोलीत शिरली आणि हातातला फोन तिने त्याच्या कीबोर्डवर आदळला.

“अगं चिऊ! काय झालं?”

“तुझं ॲप लाव. बसस्टॉपवर उभा आहेस आणि तुला दिसत नाही असं समज, आणि लाव.”

त्याने फोनला हात लावला नाही. काय झालं असणार ते त्याला कळलं होतं. मग तिनेच लावलं. फोनमधून तिचाच आवाज आला. गोड, समजूतदार, हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर ती दिवसभर वापरते तो. “ही सोय वर्गणीदारांसाठी आहे.”

“हे मी कधी बोलले?”

बोलली होती. गेल्या वर्षी दोन रविवार ती याच खोलीतल्या कपाटात, लटकणाऱ्या कोटांच्या मध्ये, रेकॉर्डर मांडीवर घेऊन बसली होती. कपाटात आवाज घुमत नाही म्हणून. स्टॉपवर कितव्या नंबरची बस येतेय हे न दिसणाऱ्याला बोलून सांगणारं ॲप भाऊ एकट्याने बनवत होता, आणि स्वतःलाही न दिसणाऱ्या बहिणीला त्याचं कोण कौतुक! आपल्या आकड्यांचं एक दुखणं आहे, रेकॉर्ड केलेले ‘वीस’ आणि ‘एक’ जोडून ‘एकवीस’ होत नाही. म्हणून एकपासून शंभरपर्यंत प्रत्येक आकडा तिने वेगळा म्हटला, घाम पुसत पुसत. अगदी शेवटी त्याने हे वाक्य म्हणायला लावलं होतं. हे कशाला, असं तिने विचारलंही होतं. “ज्यांना पडद्यावर रंगीबेरंगी नक्षी हवी असेल त्या हौशी लोकांसाठी,” तो म्हणाला होता. ती हसत हसत म्हणून मोकळी झाली.

“ती नक्षी कुणी घेतली नाही,” भाऊ आता म्हणाला. “एकानेही नाही. म्हणून मागच्या आठवड्यात वर्गणी आवाजाला लावली.”

“आवाजाला!”

“ऐकून तरी घे. मी काही मोठी कंपनी नाही. नोकरी सोडून एकटा बसलोय, घर तुझ्या वहिनीच्या पगारावर चाललंय. बसची माहिती मला विकत घ्यावी लागते. सगळं फुकट वाटत बसलो तर ॲपच बंद पडेल. मग तुझ्या लोकांना काय मिळणार?”

यातलं काहीच खोटं नव्हतं. म्हणून तर ती जास्तच भडकली. वर म्हणे तुझे लोक!

“डोळस माणूस किती भरतो?”

“त्याला नकाशा दिसतो. तो कशाला भरेल? ज्याला गरज असते तोच भरतो, चिऊ.”

“म्हणजे नड बघून अडवायचं. रस्त्यावर असं केलं तर त्याला काय म्हणतात, माहितेय ना तुला?”

“उगाच काहीही बोलू नकोस.”

“उगाच? आमच्या हॉस्पिटलातले मालिशवाले काका आज दीड तास उशिरा कामावर आले. सकाळी स्टॉपवर एकटेच, विचारायला चिटपाखरू नाही. पडद्यावर तुझा नकाशा आणि त्यावर सरकणारे ठिपके. ते काय बोटांनी चाचपायचे? एकोणसत्तर नंबर त्यांच्या समोरून गेली. दोनदा गेली. मग साहेबांची बोलणी खाल्ली, आणि नंतर माझ्याकडे येऊन काय म्हणाले सांगू? ‘पोरी, तूच नाही म्हणालीस, म्हणजे काहीतरी कारण असेल.’” तिने टेबलावर हात आपटला. “चिडलेसुद्धा नाहीत रे माझ्यावर!”

भावाने मान खाली घातली. मग म्हणाला, “त्यांचा नंबर दे. त्यांना फुकट करून देतो.”

“आणि ज्यांची माझ्याशी ओळख नाही त्यांना?”

त्याने आवाज चढवला. “मग काय, आवाज परत घेतेस? घे! आत्ता काढून टाकतो सगळे आकडे. मग कुणालाच काही ऐकू यायला नको.”

वर्गणी भरून स्टॉपवर उभे असलेलेही होतेच की.

“आकडे राहू देत,” ती म्हणाली. “ते मी त्यांच्यासाठी म्हटलेत. ते एक वाक्य काढ. तुला वर्गणी लावायची ना, खुशाल लाव. पण ते तू सांगायचं, दादा. तुझ्या तोंडाने.”

रेकॉर्डर टेबलावर उजव्या कोपऱ्यात, नेहमीच्याच जागी होता. तो तिने उचलला, कपाटाचं दार उघडलं आणि कोट दोन्ही हातांनी बाजूला लोटले.

“बस आत.”

“चिऊ, हा पोरकटपणा...”

“बस म्हणते ना!”

तो बसला. चाळिशी उलटलेला माणूस, बायकोच्या कोटाखाली, गुडघे पोटाशी घेऊन. तिने बटण दाबून रेकॉर्डर त्याच्या हातात कोंबला, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

“काका समोर उभे आहेत असं समज, आणि म्हण.”

आतून खाकरण्याचा आवाज आला. मग “ही सोय” एवढंच. मग पुन्हा खाकरणं.

शंभर आकडे म्हणताना ती एकदाही अडली नव्हती. ती हाताची घडी घालून थांबली.

“ही...” आतून आलं.

तिने वळून दाराला कान लावला. आत नुसते हँगर वाजत होते.