दिव्यांची वस्ती

"जो कामगार संघटना सोडेल, त्याच्या घराला वीज," खाणमालकाने सांगितलं आणि महिन्याभरात वस्तीतल्या घराघरांत दिवे लागले. फक्त बाबा अडून राहिले. आमच्या छपरावर संघटनेची सोलर प्लेट, खाली तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि तो चालवणारी मी. "काडेपेटीवर अभ्यास करते ही," शेजारची यल्लूमावशी हसायची.

काल संध्याकाळी तीच रडत आली. खाणीत दगड कोसळून नवऱ्याचा पाय गेला आणि मालक म्हणतो, हा माझा कामगार नाहीच.

मी त्याच कॉम्प्युटरवर भरपाईचा कायदा झटक्यात काढला. "मिळणार म्हणजे मिळणारच, मावशी."

"कायदा आहे गं," बाबा चपला घालत म्हणाले, "पण भांडायला सगळे लागतात. बोलावून आणतो."

मी आणि मावशी दारात उभ्या राहिलो. बाबा हाक मारत ज्या घरापाशी पोचायचे, त्या घरातला दिवा विझायचा.