हिरव्या दोऱ्याचे टाके

चूक एका शब्दाची होती. सकाळी नऊ वाजता ती वजदीला सापडली.

झर्झीसच्या बंदराजवळची, समुद्रात हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या संघटनेची ती खोली, आणि त्याच्यासमोर समुद्रापलीकडच्या किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांची फाइल. एकेका प्रेताची एकेक नोंद. नोंदीत कपडे, कपड्यांत खिसे, खिशांत वस्तू, डब्यात डबा ठेवावा तसं. चोरून पलीकडे जायला नावेत बसणारी पोरं घरचा फोन नंबर अंगावर कुठेतरी जपून नेतात. म्हणून वजदीने जावास्क्रिप्टमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. नंबर द्यायचा आणि त्याने प्रत्येक डबा उघडून तो शोधायचा. आधी स्वतःचाच नंबर फाइलीत घालून त्याने खात्री करून घेतली होती. पण तो घातला होता अगदी वरच्या डब्यात, तिथला लगेच सापडला. आतल्या डब्यांत प्रोग्रॅम शिरत होता, नंबर त्याला दिसतही होता, पण बाहेर येऊन सांगत नव्हता. 'रिटर्न', म्हणजे सापडलेलं वर पाठव, एवढा एक शब्द लिहायचा वजदी विसरला होता.

काल त्याने नऊ बायकांना सांगितलं होतं, "फाइलीत नाही." त्यांतली एक मबरूका, लसादची आई. फाइलीत नाही म्हणजे लसाद जिवंत आहे. तिथल्या एखाद्या छावणीत असेल, फोन काढून घेतला असेल. जाताना तिने वजदीच्या कपाळाचा मुका घेतला होता.

वजदीने विसरलेला शब्द घातला आणि सगळ्यांत आधी तिचाच नंबर टाकला. नसू दे, देवा, नसू दे.

उत्तराला क्षणही लागला नाही. प्रेत सतरा. पँट. कमरपट्टी. आत शिवलेली प्लास्टिकची पुडी. पुडीत कापडाचा तुकडा. त्यावर नंबर.

"वजदी!" दारातून मोंजी ओरडला. समुद्रावर जाणं सुटल्यापासून हा म्हातारा खोलीचं दार सांभाळायचा. "बंद कर तुझं ते खटलं! मावशी परात घेऊन आलीय. आज मकरूद, पोट फुटेस्तोवर!"

मबरूकाने परात टेबलावर ठेवली, वरचा रुमाल काढला. मधात बुडवलेल्या खजुराच्या वड्यांचा वास सुटला. कुणी घे म्हणायच्या आधीच मोंजीने दोन उचलले.

"खा रे लेकरा. अख्ख्या आळीला वाटले मी. शेजारीण म्हणते, त्याचा आवाज ऐकेपर्यंत थांब. जळकी मेली! म्हटलं, वजदीने यंत्राला विचारलंय. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

वजदीने लॅपटॉप अर्धा मिटला. आजचा दिवस राहू दे, उद्या सांगू. काय बिघडतं? मग त्याच्या लक्षात आलं, प्रोग्रॅमने तरी दुसरं काय केलं होतं? आत गेला, पाहिलं आणि गप्प बसला. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला.

"मावशी, नंबर कुठे ठेवला होता तुम्ही?"

"कमरपट्टीत. तो नको नको म्हणत होता, तरी उसवून आत शिवला. घरातला काळा दोरा संपलेला, मग हिरव्यानेच. हसत होता मला. म्हणे, आई, इतक्या आत कुणाला सापडणार?"

नोंदीची शेवटची ओळ वजदीसमोर होती. शिवण, हिरवा दोरा.

"सापडला, मावशी," तो म्हणाला. "काल माझ्या हातून चूक झाली."

एक मकरूद तिने त्याच्या तोंडाजवळ नेला होता. हात तिथेच राहिला. मध बोटांवरून मनगटाकडे ओघळला. दारात मोंजीने तोंडातला घास हातात काढला आणि तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

मकरूद परातीत परत ठेवून ती खुर्चीवर टेकली.

"कमरपट्टी कापली का रे त्यांनी? की टाके उसवले?"

फाइलीत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"बारीक घातले होते मी," मबरूका म्हणाली. "उसवायला त्यांना वेळ लागला असेल."