आप्पांचा वाढदिवस आणि आमचा सर्व्हर

नाशिकच्या चौकाचौकांत आमच्या कंपनीचे डिजिटल बोर्ड आहेत. ते चालवणाऱ्या सर्व्हरवर किती लोड येतोय, हे बघत बसणं माझं काम. आमच्या भागातले पुढारी रंगनाथआप्पा यांच्या वाढदिवसाची जाहिरात आली, तर आप्पांच्या फोटोखाली दीडशे शुभेच्छुक! प्रत्येकाचा फोटो लग्नाच्या फोटोग्राफरकडून काढून आणलेला आणि कांद्याच्या गोणीएवढा जड.

"दादा, निम्मे तरी कमी करा हो, सर्व्हर बसेल," मी त्यांच्या कार्यकर्त्यापुढे हात जोडले.

"मॅडम, सर्व्हर बसला तर उठवता येतो. कार्यकर्ता रुसून बसला की उठत नाही."

सकाळी जाहिरात सुरू झाली आणि सीबीएसपासून पाथर्डी फाट्यापर्यंत सगळे बोर्ड काळे पडले. वर एकच ओळ उरली: 'अतिरिक्त भारामुळे यंत्रणा बंद पडली आहे.' सर्व्हर उठवायला दोन तास गेले. आता नोकरी गेलीच म्हणून मी राजीनामा टाइप करायला घेतला, तोवर त्या काळ्या बोर्डाचा फोटो अख्ख्या शहराच्या स्टेटसला लागला होता: 'आप्पांवरच्या प्रेमाचा भार नाशिकला पेलवला नाही!'

आप्पांनी ऑफिसात पेढे पाठवले. पेढा तोंडात असतानाच फोन वाजला. पलीकडे आप्पांचे कट्टर विरोधक भिकनभाऊ होते.



"मॅडम, पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस. आप्पांच्या वेळी सर्व्हर दोन तास बसला ना? आपल्या वेळी दिवसभर बसलेला पाहिजे."