काठोकाठ

"हे पाणी पावसाचं नाही," योगिनी म्हणाली आणि तिने बाटली खाटेवर ठेवली.

प्रयागबाईने वाकून पाहिलं. बाटली तिचीच. झाकणावर नातीच्या अक्षरात तारीख होती. केनवडजवळच्या त्या वस्तीत ती तीन पावसाळे हे काम करत होती. पाऊस पडला की अंगणातल्या खांबावरच्या नळकांड्यात साचलेलं पाणी बाटलीत भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. योगिनीच्या नागपूरच्या प्रयोगशाळेतलं मशीन त्या पाण्यावरून पाऊस कोणत्या समुद्रातून निघाला ते सांगतं म्हणे. आपला पाऊस येतो कुठून आणि येता येता अडतो कुठे, एवढंच प्रयागबाईला ऐकायचं होतं. योगिनीने तसा शब्द दिला होता.

"पावसाचंच हाय वो म्याडम."

"अर्धं. उरलेलं धरणाचं आहे. उघड्यावर उन्हात तापलेलं पाणी मशीन लगेच ओळखतं."

"टँकरचं हाय ते." प्रयागबाई लपवेल कशाला? "पाऊस झाला वाटीभर. तुमीच त सांगतलं होतं, बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाबी राहू देऊ नोका. मंग घागरीतलं टाकलं. अन् अर्धं भांडं कोनाच्या हातात देतेत का? आमच्यात नाही देत."

थोड्या पावसासाठीच्या लहान बाटल्या योगिनीकडे खोकंभर पडून होत्या. त्या द्यायचं तिच्याच डोक्यातून गेलं होतं. पण हे बोलून दाखवेल ती कुठली! शिकलेल्या माणसाची जीभ अशा वेळी बरोबर टाळ्याला चिकटते.

"असं एकदाच केलं ना?" तिने विचारलं. "एकदाच असेल तर ही बाटली बाजूला काढते. काम चालू राहील."

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. प्रयागबाईला ते कळतही होतं.

"जवा जवा कमी पडला, तवा तवा," ती म्हणाली. "प्याचं पानी होतं म्याडम. खराब नव्हतं काही."

योगिनीने कपाळाला हात लावला. आकडे का जुळत नव्हते ते आत्ता कुठे कळलं. तीन पावसाळ्यांचं पाणी वाया गेलं होतं.

"मग हे नळकांडं इथे ठेवून उपयोग नाही, मावशी. दुसऱ्या गावात बसवावं लागेल."

"अन् पाऊस कोन्या समुद्रातून येते ते?"

"आता नाही सांगता येणार."

प्रयागबाई हसली, पण त्या हसण्यात काही गोड नव्हतं. "टँकर धरनावरून आला ते समजलं तुमच्या मशीनले. ते त आमालेबी ठाऊक होतं."

सोबत आलेला ड्रायव्हर खांबावरचं नळकांडं सोडवू लागला. योगिनीने फळीवरच्या या पावसाळ्याच्या सात बाटल्या खाली घेतल्या. नव्या गावाला त्या रिकाम्या लागणार होत्या. पहिलीचं झाकण काढून तिने ती अंगणातल्या मातीवर तिरपी केली.

"थांबा!"

टँकर चार दिवस वस्तीकडे फिरकला नव्हता. प्रयागबाई घरातून कोरडी घागर घेऊन धावत आली आणि तिने ती बाटलीखाली धरली.

"भुईवर नोका सांडू. अर्धं पानी माह्यं हाय."