चार नंबरचे मामा

"मामा, सांगा बघू, बेशुद्ध माणसाला दर दोन तासांनी कुशीवर का वळवायचं?"

चार नंबरच्या खाटेवरच्या मामांनी उत्तर दिलं नाही. नऊ दिवसांत त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. नम्रताने त्यांच्या पाठीशी उशी सरकवली आणि स्वतःच सांगून टाकलं, "पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. एक मार्क माझा."

दुपारपाळीत चारच्या सुमाराला वॉर्ड जरा निवांत व्हायचा. तेव्हा ती ट्रेखालचं गाइड काढायची. परदेशात नर्स म्हणून काम करायचं, तर आधी परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते. ती झाली की मस्कतला जायचं होतं. तिचा नवरा, ओमकार, दीड वर्षापासून तिथेच होता. आणि त्याच गाइडात लिहिलं होतं, की ऐकण्याची शक्ती सगळ्यात शेवटी जाते, म्हणून बेशुद्ध रुग्णाशीही बोलत राहावं.

हे वाक्य नम्रताने जरा जास्तच मनावर घेतलं. पहिले दोन दिवस ती नियमाला धरून बोलली. मामा, तोंड पुसते हां. मामा, जरा टोचेल. तिसऱ्या दिवसापासून प्रश्नोत्तरं सुरू झाली. पाचव्या दिवसापासून गाइड नुसतं मांडीवर असायचं आणि गप्पा भलत्याच चालायच्या. वॉर्डातल्या मथुरामावशी लादी पुसता पुसता म्हणाल्यासुद्धा, "ह्यांना बोलता येत नाय आणि तुला गप बसता येत नाय. बरी जोडी जमली."

मामांकडे कुणी फिरकलं नव्हतं. 'खलाशी, वय अंदाजे पंचेचाळीस, राहणार मिरकरवाडा बंदर,' एवढंच केसपेपरवर होतं. जाळं ओढताना दोर तुटून डोक्यावर बसला, म्हणून ट्रॉलरवरच्यांनी त्यांना इथे आणून ठेवलं आणि ते पुन्हा मासेमारीला गेले. नम्रताच्या भाड्याच्या खोलीवर तरी कोण येत होतं? ओमकारचा फोन मात्र रोज यायचा.

"अभ्यास झाला?"

"झाला."

"परीक्षेचं काय?"

"कळवतील."

परीक्षा जानेवारीतच झाली होती. नम्रता अकरा मार्कांनी नापास झाली होती आणि परीक्षा पुढे ढकलली, असं तिने सगळ्यांना ठोकून दिलं होतं. खोटं एकदाच बोलली, पण निभवावं रोज लागत होतं. सासरी, माहेरी, इस्पितळात, कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं. सहाव्या दिवशी तिने ते मामांच्या कानाशी वाकून सांगितलं. "तुम्हाला म्हणून सांगत्ये मामा. मी नापास झाल्ये. आणि एकटीला खोलीवर जीव नको होतो हो." मग ती पोटभर रडली, कापसाने डोळे पुसले आणि पाच नंबरचं सलाइन बदलायला गेली. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. आपलं कुणीतरी ऐकतंय, एवढंच तिला हवं होतं.

आज उशी लावून ती पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तोच तिचं लक्ष गेलं. मामांचे डोळे उघडे होते.

डॉक्टर धावत आले. डोळ्यांत बॅटरी मारून झाली, हातपाय हलवून झाले. "बोलतं करा त्यांना, सिस्टर," म्हणून ते दुसऱ्या वॉर्डात गेले. शुद्धीवर आलेल्याला काय विचारायचं, हे नम्रताला पाठ होतं. "मामा, नाव काय तुमचं? आपण आता कुठे आहोत? आज वार कुठला?" मामा नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने सावकाश पुन्हा विचारलं. काही नाही. 'जाग आहे, भान नाही,' असं तिने कागदावर लिहिलं.

लिहिताना तिचे कान तापले होते. सगळं ऐकलं असणार ह्यांनी. लाज वाटत होती आणि आतून बरंही वाटत होतं. जगात निदान एका माणसाला तरी आता तिची खरी गोष्ट माहीत होती.

तेवढ्यात शहाळं घेऊन गनी आला. तो त्या ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या; बोट सकाळीच बंदरात लागली होती. तो खाटेशी वाकून भरभर काहीतरी बोलला आणि मामांनी क्षीण आवाजात, पण न अडखळता, त्याला उत्तर दिलं.

"काय बोलतायत हे?" नम्रताने विचारलं.

"तेलुगू. आंध्रातला हाय तो, सिस्टर. पयलाच सीझन त्याचा. मराठीचा एक शब्द कळत नाय त्याला, हिंदी पण नाय. बाकी डोकं चांगलं हाय, मला वळखलान की."

नम्रताने 'भान नाही' खोडलं. गुपित सुखरूप राहिलं, म्हणजे खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतके दिवस आपण एका भिंतीशी बोलत होतो, एवढंच वाटलं. तशा भिंती खोलीवर चार होत्या. तिने मुकाट्याने बीपी घेतलं, सलाइनचे थेंब मोजले, आकडे लिहिले. गाइड ट्रेखाली सारलं आणि ती पाच नंबरकडे वळली.

मामांची मान हळूहळू तिच्या दिशेने फिरली. ते गनीला काहीतरी पुटपुटले. गनीला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, त्याने कान जवळ नेला, मग तो नम्रताकडे वळला.

"सिस्टर, हा इचारतो, इतके दिस ती बाय माझ्याशी बोलत व्हती, ती आता गप का?"